कंदीलवाला मुराळी

सकाळचे दहा वाजले होते, ऊन व्हरांड्याच्या तिसऱ्या पायरीवर आलं होतं, आणि माझ्या हातात पेटता कंदील होता.

डोक्यावर राखणदार सिदूची खाकी टोपी, कानांवर घसरणारी. अंगात त्याचाच कोट, आत पोटाला बांधलेली उशी. पायांत त्याचे बूट, इतके मोठे की माझी दोन्ही पावलं एकात मावली असती. उजव्या बुटाची नाडी मुद्दाम सोडलेली.

"पोट आजून फुडं पायजे," बायजाआक्का खाटेवरून म्हणाली. "ह्यो तर उपाशी दिसतोय."

"आक्का, हसवू नका, खोकला येतो," पलीकडून कुणीतरी.

"आन् मिशा?"

हौसानं तव्याच्या बुडाची काजळी मागवून घेतली होती. तिनं बोट बुडवून माझ्या ओठांवर दोन झुपके काढले. बोट तापानं कढत होतं. मग मागं सरून तिनं मला पुरतं न्याहाळलं, आणि अकरा खाटांचा तो वॉर्ड ज्या हसण्याची सात महिने वाट बघत होता, ते हसली.

"आला," ती म्हणाली. "माझा मुराळी आला."

मी तेव्हा वीस वर्षांची होते. मिशनच्या क्षयाच्या दवाखान्यात शिकाऊ नर्स. नाव सालोमी, बायका सालूबाई म्हणायच्या. दवाखाना डोंगराच्या माथ्यावर होता, खालच्या गावाहून दीड तास चढणीचा. वारा भरपूर, माणूस दुर्मीळ. आणून सोडणारे पुष्कळ यायचे, न्यायला येणारे थोडे.

हौसा धनगराची लेक. एकोणीस-वीस वर्षांची, जत भागातली. सासऱ्यानं भरतीच्या कागदावर अंगठा उठवला आणि तो गेला तो गेलाच. इथवर तिला आणलं होतं ते तिच्या भावानं, बिरूनं, निम्मी वाट पाठीवर घेऊन. जाताना तो तिला म्हणाला होता, "मी न्ह्यायला येतो. माझ्याबिगर हितनं हलू नगंस." हौसानं ते शब्द पदरात बांधून ठेवले होते.

आणि आता हलायची वेळ आली होती. किडलेलं फुप्फुस दबून त्याला विसावा मिळावा म्हणून डाव्या बाजूच्या फासळ्या काढायच्या होत्या. नाहीतर पाऊसकाळ निघणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. पुढच्या बुधवारनंतर डॉक्टर वर्षभर आपल्या मुलखाला जाणार होते. वॉर्डापासून ऑपरेशनची खोली शंभर पावलं. पण हौसा ती शंभर पावलं टाकायला तयार नव्हती.

"बिरूदादा येऊ दे. मग जाते."

"अगं, तीन कार्डं टाकली त्याला."

"मेंढरं घिऊन गेलाय त्यो नदीपल्याड. कार्ड काय मेंढरांच्या म्हागनं पळतंय व्हय?"

"मग तो येईपर्यंत..."

"मुराळी आल्याबिगर लेक उंबरा वलांडत न्हाई, सालूबाई. तुमच्यात न्हाई का तसं?"

आमच्यातही होतंच. माझी आई ख्रिस्तवाड्यात जात्यावर बसली की बेथलेहेमची वाटसुद्धा तिला सांगोल्याच्या वाटेसारखी दिसायची. मरियेला माहेरी न्यायला कुणी मुराळी आला नाही म्हणून ती ओवीत रडायची. 

त्याच आठवड्यात अमेरिकेहून खोकी आली. वर्षातून दोनदा यायची. तिकडच्या चर्चच्या बायका जुने कपडे, पट्ट्या, लोकरीचे मोजे भरून पाठवायच्या, आणि खोक्यातल्या मोकळ्या जागा भरायला त्यांच्या पोरांची जुनी चित्रांची पुस्तकं कोंबायच्या. आमच्या मेट्रन, मिस हॅडली, एक-एक चाळून बघायच्या. काही पुरुषांच्या वॉर्डात जायची. काही वेगळी काढून त्या मला म्हणाल्या, "सालोमी, ही बंबात टाक."

आंघोळीच्या बंबाशी बसून मी ती जाळत होते. एकाच्या मुखपृष्ठावर लाल झूल पांघरलेला एक आडदांड गडी ढगांतून उडत होता. कागद विस्तवात जाणार तेवढ्यात वाऱ्यानं पानं उलटली आणि शेवटच्या काही पानांवर मला तो दिसला.

बुटका. ढेरपोट्या. गोल टोपी, झुपकेदार मिशा, हातात कंदील. रेल्वेच्या फाटकाशी एका स्टुलावर बसलेला, आणि एका बुटाची नाडी सुटलेली. उडणाऱ्यांच्या पुस्तकात हा कुठून आला, मला कळेना. आमच्या खालच्या स्टेशनावरच्या फाटकवाल्याइतका साधा माणूस. मी चोरी केली. पुस्तक एप्रनखाली घातलं आणि हौसाच्या हातात दिलं.

"गादीखाली ठेव. उद्या दुपारी सांगते."

दुपारी दोन ते चार विश्रांतीची घंटा असे. बोलायचं नाही, विणायचं नाही, हात अंगासरशी ठेवून पडून राहायचं. दुसऱ्या दिवशी ती घंटा झाल्यावर, नियम मोडून, मी हौसाच्या खाटेशी बसले. बायजाआक्काची खाट लगतची होती. ती नऊ वर्षं तिथं होती, घंटेला घाबरत नव्हती.

आधी उडणारा गडी दाखवला.

"ह्यो चड्डी वरनं का घालतोय?" आक्का.

"तो जगाला वाचवतो, आक्का."

"वाचवू दे बापडा. त्येला कुणाचं घर ठावं हाय? वरनं समदी घरं सारखीच दिसत्यात."

मग फाटकवाला आला, आणि दोघी उठून बसल्या.

मला इंग्रजी येत नव्हतं. ताप, नाडी, औषधांची नावं, तेवढंच. चित्रांतल्या फुग्यांमधली अक्षरं मला मुंग्यांच्या रांगेसारखी दिसत. तेव्हा मी चित्रं बघून, आईच्या चालीवर, जे दिसेल ते सांगत गेले. खाणीत दरड कोसळलेली असते. कंदील घेऊन हा येतो, एका मजुराचा हात धरतो, पुढच्या चौकटीत मजूर त्याच्यामागं रुळांवरून चालतोय, हसतोय. पुरात बाई अडकलेली असते, हा येतो. बर्फात बुडालेल्या घरात म्हातारी खाटेवर असते, हा येतो. कुणालाही तो उचलत नाही, कुणाशी मारामारी करत नाही. येतो, टोपी काढतो, हात पुढं करतो.

"मुराळी हाय ह्यो," हौसा म्हणाली. मी नाही, तीच म्हणाली. "न्ह्यायला येतोय."

"होय, मुराळीच," मी म्हणाले. मला किती आनंद झाला होता!

आक्कानं पुस्तक डोळ्यांपाशी नेलं. "सालूबाई, म्हातारी तर चालली त्येच्यासंगं. मग खिडकीतनं दिसतंय त्या खाटंवर कोन निजलंय?"

मी बघितलं. खिडकीच्या आत उशीवर पांढरा अंबाडा होता खरा.

"आक्का, ह्या पुस्तकांत तसंच असतं. एकच माणूस चौकटीचौकटीला पुन्हा काढतात. आधीचा आणि नंतरचा."

"एकाच चौकटीत दोनदा?"

"जागा वाचवायला."

"आन् ही मंडळी म्हागारी कवा येत्यात?"

"माहेरी गेलेली लेक लवकर माघारी येते होय, आक्का?"

आसपासच्या खाटाही फिसकन हसल्या. हौसा हसली नाही. ती चित्राकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, ताप चढला असेल.

शेवटी फाटक आलं. सगळी माणसं फाटकाशी पोचली आणि पुस्तक संपलं. शेवटचं पान नव्हतं, फाटलेली कड तेवढी होती.

"काल होतं का गं?" मी विचारलं.

"उंदरानं न्हेलं आसंल," हौसा म्हणाली. "ऱ्हाऊ द्या. तुमीच सांगा, फुडं काय झालं?"

मी सांगितलं. फाटक उघडतं, पलीकडं ज्याचं-त्याचं माहेर असतं, दारात पाण्याचा तांब्या घेऊन आई उभी असते. रोज दुपारी मी तेच सांगायचे आणि रोज ती लहान पोरासारखी विचारायची, "मग फुडं, सालूबाई? फुडं?" मी एकेक गोष्ट वाढवत जायचे: अंगणात तुळस, मेंढवाड्यात नवी कोकरं, चुलीवर हुलग्याचं माडगं. ती डोळे मिटून ऐकायची. आक्का ओवी जुळवायची, हौसा दुसरी ओळ टाकायची:

*दिवस मावळला, वाट पाहू मी कुठवरी*
*भाऊराया येतो बाई, उभी ऱ्हाते उंबऱ्यावरी*

मंगळवारी दुपारी घंटा व्हायच्या आधीच तिनं मला हाक मारली.

"उद्या जाते मी ऑपरेशनला."

थर्मामीटरची पेटी खाली ठेवून मी तिच्या खाटेवर बसले. "खरंच? शपथ?"

"पर मुराळी पायजे."

"बिरू उद्यापर्यंत..."

"बिरूदादा न्हवं. त्यो नदीपल्याड हाय, त्येचा काय विलाज न्हाई. ह्यो." तिनं गादीवर हात थोपटला. "तुमी या. त्येच्यावानी होऊन या. टोपी, कंदील, समदं. मग मी येते तुमच्यासंगं, दारापातूर."

मी धावत सिदूकडं गेले. टोपी, कोट, बूट मागून आणले. एका बाईला मरणाच्या दारातून ओढून काढलं, या खुशीत मला रात्री झोप लागली नाही.

आणि म्हणून त्या सकाळी, भर उन्हात, पेटता कंदील घेऊन मी चालले होते. स्ट्रेचर आणलं होतं. हौसानं ते परत पाठवलं. "लेक काय निजून जाती व्हय माह्यारी?" तिनं नवं लुगडं नेसलं होतं, हिरवं, बिरूनं दिलेलं. माझा हात धरून ती पाऊल टाकत होती आणि मागं व्हरांड्यात बसता येणाऱ्या बसून, न येणाऱ्या पडल्या पडल्या गात होत्या:

*मुराळी आला बाई, त्याच्या हाती ग कंदील*
*माझ्या माहेराची वाट, त्याला ठावी असंल*

बुटांमधून माझी पावलं फटक-फटक वाजत होती. नाडी धुळीत फरफटत होती. निम्म्या वाटेवर मिस हॅडली समोर आल्या. त्यांनी टोपी बघितली, कंदील बघितला, मग त्यांची नजर खाली माझ्या बुटावर गेली आणि तिथंच राहिली. त्यांच्या गोऱ्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी बघितला. पुस्तकाची चोरी उघडी पडली, एवढंच मला वाटलं.

"सालोमी," त्या म्हणाल्या, "हे कोणी... कोणाची कल्पना?"

"माझी," हौसा म्हणाली.

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग मिस हॅडली वाटेतून बाजूला झाल्या, आणि का कोण जाणे, त्यांनी डोक्यावरची पांढरी टोपी हातात घेतली. "जाऊ द्या त्यांना," आमच्या मागं चाललेल्या वॉर्डबॉयला त्या म्हणाल्या.

दाराशी आम्ही थांबलो. आत स्पिरिटचा वास, उकळत्या पाण्याचा आवाज. हौसानं कनवटीची कुंकवाची डबी काढली.

"खाली वाका."

"हौसा, आमच्यात कुंकू..."

"तुमच्यात न्हाई, त्येच्यात हाय. बंधू झालासा न्हवं?"

मी वाकले. तिनं माझ्या कपाळावर टिळा ओढला. धाप लागली होती तिला, तरी ओठांत हसू होतं. मग तिनं माझा हात सोडला आणि माझ्या पायांकडं बोट दाखवलं.

"आता नाडी बांधा, सालूबाई. म्हागारी एकटीनं जायचंय तुमाला."

मी हसले. त्या पात्राची एवढी आवडती खूण, ती कशाला बांधायची? "राहू दे गं. मी इथंच थांबते, तू बाहेर येईस्तोवर."

"न्हाई. हितवरच तुमचं काम," ती म्हणाली, आणि आत गेली.

अडीचच्या सुमारास, विश्रांतीची घंटा होऊन गेल्यावर, ते दार उघडलं. डॉक्टरांनी तोंडावरचं फडकं काढलं. पुढचं मी सांगत नाही. मी वॉर्डात परत आले. बायजाआक्कानं मला जवळ ओढून पदरानं माझ्या मिशा पुसल्या. कपाळाचा टिळा मात्र तिनं पुसला नाही.

बिरू अकराव्या दिवशी आला.

मी व्हरांड्यात पट्ट्यांच्या गुंडाळ्या करत होते. चढणीवरून एक उंच, काटक माणूस आला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, पागोट्यात खोचलेलं माझं तिसरं कार्ड, घामानं भिजून मऊ झालेलं. काठी भिंतीला टेकवून त्यानं मला रामराम केला.

"हौसाला न्ह्यायला आलोय," तो म्हणाला. "मुराळी."

त्याला कसं सांगितलं ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की तो काठी घेऊन खाली बसला आणि तिच्या टोकानं जमिनीवर रेघा ओढत राहिला, शेजारी शेजारी, कितीतरी रेघा. मग म्हणाला, "गाठोडं असंल तिचं."

मी गाठोडं आणलं. एक जुनं लुगडं, फणी, कुंकवाची डबी, खणाच्या दोन चोळ्या. त्यानं एक चोळी उलगडली तसा घडी घातलेला रंगीत कागद बाहेर पडला.

"ह्ये काय हो, बाई?"

मी घडी उघडली. फाटलेली कड मी ओळखली. उंदराचे दात नव्हते. वरपासून खालपर्यंत नखानं सरळ, जपून फाडलेलं पान होतं.

पहिल्या चौकटीत फाटक उघडलेलं. पलीकडं माहेर नव्हतं, अंगण नव्हतं. टेकडीवर दगड उभे होते, ओळीनं, प्रत्येकावर अक्षरं कोरलेली. खाणीतला मजूर, पुरातली बाई, बर्फातली म्हातारी एकेक करून आत चालली होती, न घाबरता. दुसऱ्या चौकटीत तो बुटका माणूस फाटकाच्या अलीकडं उभा, टोपी छातीशी धरलेली. त्याला आत जाता येत नव्हतं. त्याच्या कपाळावर कुणीतरी बोटानं कुंकू लावलं होतं.

आणि शेवटच्या चौकटीत तो एकटाच रुळावर बसला होता, कंदील बाजूला ठेवून, पुढं वाकलेला. आपल्या बुटाची नाडी बांधत होता.

 पहिल्याच रात्री हौसानं ते पान पाहिलं होतं. सगळं समजून घेऊन, आम्हाला कुणाला दिसू नये म्हणून फाडून चोळीत ठेवलं होतं. आणि मग सहा दुपारी, माझ्या तोंडाकडं बघत, मला विचारलं होतं: मग फुडं, सालूबाई?

"ह्यो कोन?" बिरूनं विचारलं. तो माझ्या खांद्यावरून बघत होता.

"हा मुराळी," मी म्हणाले.

त्यानं चित्र निरखलं. "लई जाडा हाय," तो म्हणाला. मग म्हणाला, "दारापातूर एकटी गेली का वो ती?"

"नाही."

"कोन हुतं संगं?"

बायजाआक्का आतून बोलली, "ही हुती, बाबा. कंदील घिऊन."

त्यानं माझ्याकडं बघितलं. दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मग ते पान पुन्हा घड्या घालून पागोट्यात, कार्डाशेजारी खोचलं, गाठोडं काखेत मारलं आणि तो उतरणीला लागला. ते पान मागून घ्यायचं माझं धाडस झालं नाही. ते त्याचंच होतं.

बाकीचं पुस्तक आजही माझ्याजवळ आहे. पुढं शब्दकोश घेऊन मी त्यातली मुंग्यांची रांग एकेक करून वाचली. त्या बिचाऱ्याला कसलीही शक्ती नाही. तो कुणालाही वाचवू शकत नाही. म्हातारी त्याला विचारते, मग तू आलास कशाला? तो म्हणतो, वाट अंधारी आहे बाई, आणि मला ती पाठ आहे. मिस हॅडलींशी त्यावर मी कधी बोलले नाही, त्याही कधी बोलल्या नाहीत. त्या निवृत्त होऊन गेल्या त्या दिवशी मात्र, टांग्यात बसण्याआधी, त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं होतं.

त्या दुपारी बिरू वळणाआड गेला आणि विश्रांतीची घंटा झाली. वॉर्ड निजला. मी उठून बाहेर गेले, ती शंभर पावलं चालले आणि बंद दारासमोरच्या पायरीवर बसले. पायांत चपला होत्या. तरी मी खाली वाकले आणि दोन्ही हातांनी, नसलेली नाडी बांधली. मग उठून एकटीच माघारी आले.